दोन पेन्सिल सेलवरच्या इंजिनाला दिवे: पांढरा मंदावतो आणि लाल जळतो

रूळवेडा (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे दोन पेन्सिल सेलवर चालणारे डिझेल इंजिनाचे मॉडेल आहे. ते रुळांतून वीज घेत नाही. सेल पोटात बसतात, मोटर मागच्या बोगीवर आहे आणि तळाशी सहा पायांचा सरकता स्विच आहे. तो मधोमध असला की इंजिन बंद राहते, एका टोकाला सरकवला की पुढे आणि दुसऱ्या टोकाला सरकवला की मागे जाते. मूळ मॉडेलात दिवे नाहीत. त्यांच्या जागी नुसते चंदेरी रंगाचे ठिपके आहेत. इंजिन ज्या दिशेने जाईल त्या बाजूला दोन पांढरे दिवे आणि विरुद्ध बाजूला दोन लाल दिवे लागावेत, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पहिला प्रयत्न म्हणून मी मोटरीच्या दोन टोकांवर एक पांढरा आणि एक लाल असे ३ मिलिमीटरचे दोन एलईडी परस्परविरुद्ध दिशांनी थेट जोडले, म्हणजे पुढे जाताना पांढरा आणि मागे जाताना लाल लागेल असा हिशेब होता. दिशेपुरता तो खरा ठरला. मात्र पांढरा एलईडी सेल नवे असूनही मंद लागतो, इंजिन सुटताना क्षणभर विझतो आणि अर्ध्या तासाने जवळजवळ दिसेनासा होतो. लालचे उलटे झाले. तो पहिल्यांदा नारिंगी वाटावा इतका प्रखर पेटला आणि काही सेकंदांत कायमचा गेला. दुसरा लाल लावला, त्याचीही तीच गत झाली.

यात मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की हे सर्व एलईडी मी आधी सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलवर रेझिस्टर न लावता तपासले होते आणि लाल एलईडी त्यावर संध्याकाळभर सुखरूप जळत होता. तो सेलही ३ व्होल्टचाच आहे. मग पेन्सिल सेलवर तो का जळावा? मोटरीतून उलट येणारे झटके त्याला मारत असावेत, अशी माझी शंका आहे.

मोजमाप

झटक्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण तुमचे लाल एलईडी त्यामुळे गेलेले नाहीत. तुमच्यापुढे एकमेकांशी संबंध नसलेले दोन दोष आहेत आणि ते एकाच जोडणीत आल्यामुळे एकच वाटत आहेत.

एलईडी हा बल्बासारखा नसतो. दिलेल्या व्होल्टेजच्या प्रमाणात तो वीज घेत नाही; एक उंबरठा ओलांडेपर्यंत तो जवळजवळ काहीच घेत नाही आणि ओलांडल्यावर व्होल्टेज थोडेसे वाढले तरी प्रवाह झपाट्याने चढतो. हा उंबरठा रंगावर ठरतो. लाल प्रकाशाच्या कणाला सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणून लाल एलईडी १.८ ते २ व्होल्टला लागतो. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन त्याचा प्रकाश पांढरा केलेला असतो. निळ्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जा २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे असल्याने पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट हवे असतात. ज्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तोच तुमच्या इंजिनाच्या कपाळावर बसला आहे आणि त्याची भूक दोन पेन्सिल सेलच्या नेमकी काठावर आहे.

म्हणजे एकाच ३ व्होल्टवर पांढऱ्याला कमी पडते आणि लालला जवळजवळ १ व्होल्ट जास्त होते. हा जास्तीचा १ व्होल्ट कुठेतरी खर्च व्हायला हवा. ते काम रेझिस्टर करतो. नाण्यासारख्या सेलचा अंतर्गत रोध बराच असतो, त्यामुळे तिथे तो सेल स्वतःच रेझिस्टरची भूमिका करत होता. पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध ओहमच्या अंशांत असतो, त्याने हात आखडता घेतला नाही आणि एलईडी जळला. ती चाचणी फसवी का ठरली, ते एवढेच आहे. एलईडी तपासायला नाण्याचा सेल उत्तमच आहे. मात्र त्यावर चालला म्हणून रेझिस्टर नको, हा निष्कर्ष काढू नये.

कृपया चार मोजमापे द्यावीत: मोटर बंद असताना सेलच्या जोडीचे व्होल्टेज, इंजिन चालत असतानाचे, चाके बोटाने क्षणभर धरून ठेवल्यावरचे, आणि चालताना मोटर घेत असलेला प्रवाह.

जुना_तंतू

एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न पडतो. गव्हाच्या दाण्याएवढे ३ व्होल्टचे तंतूचे बल्ब मिळतात. त्यांना धन-ऋण नसते, रेझिस्टर लागत नाही, आणि जुन्या इंजिनाच्या दिव्याचा तांबूस पिवळा रंग त्यांना जन्मजात असतो. दिशेप्रमाणे लागावेत असे वाटत असेल तर प्रत्येक बल्बाबरोबर एक डायोड, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग, ओळीत लावला की झाले. मी गेली कित्येक वर्षे असेच करत आलो आहे.

मोजमाप

रंगाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. मात्र डायोड लावला की त्यात साधारण ०.७ व्होल्ट जातात आणि ३ व्होल्टच्या बल्बाला २.३ व्होल्टच उरतात; मग तो तांबूस न दिसता निखाऱ्यासारखा लाल दिसू लागतो. शिवाय असे बल्ब प्रकारानुसार काही दशांश मिलिअँपिअर घेतात आणि त्यांची उष्णता पातळ प्लॅस्टिकच्या कवचाला चिकटून बसते. बल्ब कवचाला टेकलेला राहिला आणि इंजिन तासभर चालले, तर ती जागा मऊ होऊन वाकडी झालेली मी पाहिली आहे. एकाच सेलवरच्या इंजिनाला दिशेची अट नसेल तर १.५ व्होल्टचा बल्ब हा आजही सर्वांत सरळ उपाय आहे, हे मान्य करतो.

जुना_तंतू

“काही दशांश” नव्हे, काही दशक म्हणायचे असेल तुम्हाला.

मोजमाप

बरोबर, काही दशक मिलिअँपिअर. चूक दाखवल्याबद्दल आभार. शंभरपट फरक पडला असता.

रूळवेडा

मोजमापे घेतली. मोटर बंद असताना ३.१८ व्होल्ट, इंजिन चालताना २.८६ व्होल्ट, चाके धरल्यावर २.१३ व्होल्ट. चालताना मोटर २१० मिलिअँपिअर घेते. व्होल्टेज मी मोटरीच्या टोकांवर न मोजता बॅटरीच्या खान्यातून बाहेर येणाऱ्या दोन तारांवर मोजले आहे.

तारजोड्या

हे आकडे बोलके आहेत. २१० मिलिअँपिअरला ०.३२ व्होल्टची घट म्हणजे वाटेत सुमारे दीड ओहमचा रोध आहे. नव्या अल्कलाइन सेलच्या जोडीचा एवढा रोध नसतो. उरलेला रोध खान्यातल्या स्प्रिंगा आणि पत्र्यांच्या टोकांवर बसलेला असणार. दिव्यांचा विचार करण्याआधी ती टोके खोडरबराने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावीत आणि स्प्रिंगेच्या बुडाशी जिथे तार लावलेली आहे तिथला सोल्डरचा डाग नव्याने द्यावा. रिव्हेट ठोकून बसवलेल्या स्प्रिंगा वरून स्वच्छ दिसतात, पण रिव्हेटखाली गंज असतो. तिथे तार रिव्हेटवर न लावता थेट स्प्रिंगेलाच जोडलेली बरी.

चाके धरल्यावरचे २.१३ व्होल्ट हेच इंजिन सुटतानाचे व्होल्टेज समजावे, कारण थांबलेली मोटर पहिल्या क्षणी अडकलेल्या मोटरीइतकाच प्रवाह ओढते. पांढरा एलईडी त्या क्षणी का विझतो, त्याचे उत्तर यात आले.

आता मुख्य मुद्दा. मोटरीच्या टोकांवर दिवे लावण्याची रीत रुळांतून वीज घेणाऱ्या मॉडेलांतून आलेली आहे. तिथे रुळांत १२ व्होल्टपर्यंत दाब असतो, त्यामुळे पांढऱ्याला पुरून उरते आणि रेझिस्टर मोठा घातला की काम भागते. आपल्याकडे तेवढी शिल्लक नाही. बॅटरीच्या इंजिनाचा मोठा फायदा हा की रूळ मळले म्हणून दिवा लुकलुकत नाही. असे असताना तो दिवा मोटरीच्या तारेवर बांधून आपण तो फायदा स्वतःच्या हाताने घालवतो. दिव्यांना वीज स्विचच्या आधी, थेट बॅटरीकडून द्यावी. मोटरीच्या टोकांकडून फक्त दिशेची खबर घ्यावी. ही खबर घ्यायला किती प्रवाह लागतो, तर पाव मिलिअँपिअरसुद्धा नाही.

फुरसतखोर

मग दिव्यांसाठी दोन नाण्यांचे सेल वेगळेच ठेवले तर? मोटरीशी काही संबंधच उरणार नाही.

तारजोड्या

ते चालते, आणि फार लहान मॉडेलात दुसरा मार्गही नसतो. सीआर२०३२ मध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असतात. दोन ओळीत लावून ६ व्होल्टवर दोन पांढरे एलईडी प्रत्येकी २ मिलिअँपिअरवर चालवले, तर हिशेबाने पन्नास तास मिळतात. पण घरात लहान मूल असेल तर मी ते सुचवणार नाही. नाण्याचा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते. खान्याचे झाकण स्क्रूने बंद होणारे नसेल, तर असा सेल खेळण्यात असूच नये. मूल तो गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तिसरा पेन्सिल सेल ओळीत वाढवून केवळ दिव्यांना ४.५ व्होल्ट द्यावेत, असेही काही जण करतात. तो सेल फक्त दिव्यांचे ओझे वाहतो, उरलेले दोन मोटरीचेही वाहतात, आणि मग तिघे वेगवेगळ्या वेळी संपतात. कोणता बदलायचा, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

मी स्टेप-अप मॉड्यूल वापरतो. नखाएवढी ही पट्टी ०.९ व्होल्टपासून पुढे मिळेल ते घेऊन स्थिर ५ व्होल्ट देते. त्यामुळे इंजिन सुटताना बॅटरी २.१३ व्होल्टपर्यंत खचली तरी दिव्यांना ते कळत नाही. एक सूचना मात्र करून ठेवतो: ज्या मॉड्यूलवर स्क्रूने फिरवण्याचा छोटा पोटेन्शिओमीटर असतो ते २० व्होल्टच्याही पुढे जाऊ शकते. एलईडी जोडण्याआधी मल्टिमीटर लावून ५ व्होल्ट ठरवून घ्यावेत आणि त्या स्क्रूवर रंगाचा थेंब टाकून तो पक्का करावा.

मोजमाप

५ व्होल्ट धरून हिशेब मांडतो. पांढऱ्याला ३ व्होल्ट गेले की २ उरतात. ४७० ओहम लावला तर सव्वाचार मिलिअँपिअर मिळतात. मॉडेलाच्या दिव्याला हे पुष्कळ आहे. पाकिटावर २० मिलिअँपिअर लिहिलेले असते ती कमाल मर्यादा आहे. तेवढा प्रवाह दिला तर अंधाऱ्या खोलीत इंजिनाकडे पाहवत नाही. दोन पांढऱ्यांना दोन वेगळे रेझिस्टर हवेत. एकाच रेझिस्टरवर दोघे समांतर जोडले तर ज्याचा उंबरठा किंचित खाली आहे तो बहुतेक प्रवाह गिळतो आणि दुसरा मिणमिणता राहतो.

लालच्या बाबतीत मात्र दोघांना ओळीत जोडता येते, कारण दोघांचे मिळून ४ व्होल्ट होतात आणि १ व्होल्ट शिल्लक राहतो. तिथे एकच ४७० ओहमचा रेझिस्टर पुरतो आणि प्रवाह २ मिलिअँपिअरच्या आसपास येतो. लाल दिवा पांढऱ्यापेक्षा मंदच दिसायला हवा, त्यामुळे हे योग्य आहे. सगळीकडे एकाच मूल्याचे रेझिस्टर लागल्याने चुकून अदलाबदल होण्याची भीतीही उरत नाही. पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी.

एका दिशेला एकूण साडेदहा मिलिअँपिअर होतात. ५ व्होल्टवर ते ५३ मिलिवॉट झाले. मॉड्यूलची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीकडून सुमारे ६६ मिलिवॉट, म्हणजे अडीच व्होल्टवर २६ मिलिअँपिअर जातील. मोटरीच्या २१० पुढे हे आठव्या हिश्श्याइतके आहे. चालत्या इंजिनाला ते जाणवणार नाही. चिंता उभ्या इंजिनाची आहे: दिवे चालू राहिले आणि इंजिन कपाटात गेले, तर चार-पाच दिवसांत सेल रिकामे होतील.

रूळवेडा

हिशेब समजला, आणि स्प्रिंगांबद्दलचा अंदाजही अचूक निघाला. एका रिव्हेटखाली हिरवट थर होता. तार थेट स्प्रिंगेला जोडल्यावर चालतानाचे व्होल्टेज २.८६ वरून ३.०५ वर आले आणि इंजिनाचा वेगही वाढला. दिव्यांचे काम काढले नसते तर हा दोष कधीच लक्षात आला नसता.

आता दिशेची खबर नेमकी कशी घ्यायची, ते सविस्तर सांगावे.

तारजोड्या

दोन एनपीएन ट्रान्झिस्टर घ्यावेत. ट्रान्झिस्टर हा तीन पायांचा विजेचा स्विच समजावा: बेसला थोडासा प्रवाह दिला की कलेक्टरकडून एमिटरकडे मोठा प्रवाह जाऊ शकतो. बीसी ५४७ चालेल. पहिल्याला अ आणि दुसऱ्याला ब म्हणू. दोघांचे एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावेत. मॉड्यूलचे ऋण टोक आणि बॅटरीचे ऋण टोक एकच असते, याची मल्टिमीटरने एकदा खात्री करून घ्यावी. अ चा बेस १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून मोटरीच्या एका टोकाला आणि ब चा बेस तशाच दुसऱ्या रेझिस्टरमधून मोटरीच्या दुसऱ्या टोकाला जोडावा. पुढचे पांढरे आणि मागचे लाल यांची ऋण टोके एकत्र करून अ च्या कलेक्टरला, तर मागचे पांढरे आणि पुढचे लाल यांची ब च्या कलेक्टरला जोडावीत. सर्व धन टोके आपापल्या रेझिस्टरमधून ५ व्होल्टला जातील.

इंजिन पुढे जाताना मोटरीचे पहिले टोक धन आणि दुसरे ऋण असते, म्हणून अ उघडतो आणि ब मिटलेला राहतो; मागे जाताना उलट. बेसमधून जाणारा प्रवाह २.३ व्होल्ट भागिले १० किलोओहम, म्हणजे ०.२३ मिलिअँपिअर. बीसी ५४७ त्याच्या शंभरपट तरी पेलतो आणि आपल्याला पन्नासपटही नको आहे. इंजिन सुटताना व्होल्टेज खचले तरी ट्रान्झिस्टर पूर्ण उघडाच राहतो.

बीसी ५४७ चे पाय सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरल्यास डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. बीसी ५४७ ऐवजी वेगळ्या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर वापरला तर क्रम बदलू शकतो. माझा पहिला प्रयोग याच कारणाने फसला होता आणि दोन दिवस मी एलईडीलाच दोष देत बसलो होतो.

ज्यांच्या इंजिनात साध्या स्विचऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की काही नियंत्रक ब्रेक लावताना मोटरीची दोन्ही टोके धन बाजूला बांधतात. तेव्हा दोन्हीकडचे दिवे एकदम लागतील. तसे झाल्यास तो जोडणीतला दोष समजू नये.

मोटरीच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०४ लिहिलेले असते तो, शक्य तितक्या जवळ लावावा. धाग्याच्या सुरुवातीला ज्या झटक्यांची शंका आली होती ते ब्रशांपाशी जन्मतात आणि तिथेच शमवलेले बरे. रेडिओने चालणारे इंजिन असेल तर दोन्ही टोकांपासून मोटरीच्या धातूच्या कवचापर्यंत आणखी एकेक कपॅसिटर लावतात, नाहीतर रिसीव्हरचा पल्ला घटतो.

जुना_तंतू

या जोडणीत स्विच मधोमध नेला की सगळे दिवे विझतील. खरे इंजिन फलाटावर उभे असताना आंधळे नसते. मला हे खटकते.

तारजोड्या

खटकणे रास्त आहे. त्यावर मॉड्यूलच्या आधी एक वेगळा छोटा स्विच आणि पुढच्या पांढऱ्यांना थेट ऋण जोडणी, असा मार्ग आहे. पण मग मागे जातानाही पुढचे पांढरे लागलेले राहतील. दोन्ही हवे असेल तर शेवटची दिशा लक्षात ठेवणारे काहीतरी लागेल, आणि तिथून पुढे मायक्रोकंट्रोलरची वाट सुरू होते. पोटातल्या जागेकडे पाहता मी तिकडे जाणार नाही. मॉड्यूलच्या आधीचा स्विच मात्र प्रत्येकाने लावावा, कारण दिवे विझलेले असले तरी मॉड्यूल स्वतः थोडी वीज खात राहते.

कवचकार

विजेचे मला फारसे कळत नाही, पण कवचाचे सांगतो. कारण जोडणी बरोबर असूनही कवचामुळे फसलेली कामे मी पुष्कळ पाहिली आहेत.

दिव्याच्या जागी छिद्र करताना यंत्राचा ड्रिल वापरू नये. हातात फिरवायच्या पिन-व्हाइसमध्ये आधी १ मिलिमीटरचे पाते लावून मध्य पक्का करावा आणि मग टप्प्याटप्प्याने ३ मिलिमीटरपर्यंत यावे. थेट मोठे पाते लावले तर ते पातळ प्लॅस्टिक पकडून ओढते आणि छिद्र तिरपे होते. लाल दिव्यांसाठी ३ मिलिमीटर मोठे दिसतात. तिथे ०६०३ आकाराचे, म्हणजे १.६ गुणिले ०.८ मिलिमीटरचे, तार लावलेले एलईडी घ्यावेत. त्यांच्या केसासारख्या तारांवर वार्निशचा थर असतो. तो खरवडण्याच्या नादात तार तुटते, म्हणून डाग देण्याच्या गरम टोकावर सोल्डरचा थेंब ठेवून त्यात तारेचे टोक बुडवावे. बहुतेक वेळा थर जळून निघून जातो.

एलईडी बसवायला झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद वापरू नये. त्याची वाफ आजूबाजूच्या पारदर्शक खिडक्यांवर पांढरी झाक आणते आणि ती पुसली जात नाही. पांढरा गोंद पुरतो आणि चुकल्यास सुटतोही.

प्रकाश गळणे हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. फिकट रंगाचे प्लॅस्टिक आतून उजळते आणि अख्खे इंजिन कंदिलासारखे दिसू लागते. कवचाची आतली बाजू आधी काळ्या रंगाने दोन हात रंगवावी. एलईडीच्या पाठीवर काळी हीट-श्रिंक नळी (तापवली की आकसून घट्ट बसणारी) चढवावी. काही जण ॲल्युमिनिअमची चिकटपट्टी लावतात. ती प्रकाश उत्तम अडवते, पण एलईडीच्या दोन्ही पायांना टेकली तर शॉर्ट करते.

पांढऱ्यांत थंड पांढरा घेतला तर जुन्या धाटणीच्या इंजिनावर तो निळसर, परका वाटतो. ३००० केल्विनच्या आसपासचा उबदार पांढरा घ्यावा, किंवा हाताशी थंड पांढराच असेल तर त्यावर पारदर्शक नारिंगी रंगाचा पातळ हात द्यावा. जुना_तंतू यांची निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

कवच आणि चासी यांच्यामध्ये तारा कायमच्या जोडू नयेत. या जोडणीत कवचाकडे तीनच तारा जातात: ५ व्होल्ट आणि दोन कलेक्टर. त्यांना तीन पिनांचा छोटा कनेक्टर लावावा, चार-पाच सेंटिमीटर ढील ठेवावी आणि ती ढील गिअरपासून दूर, कवचाच्या छताला टेपने चिकटवावी. तार बहुपदरी घ्यावी. एकपदरी तार दहा वेळा कवच उघडले की डागाच्या तोंडाशी मोडते.

लाकडी_रूळ

थोडे वेगळे विचारतो. आमच्या घरातले इंजिन लाकडी रुळांवरचे असून त्यात एकच बारीक पेन्सिल सेल बसतो. तिथे पांढरा एलईडी शक्य आहे का?

मोजमाप

थेट जोडून पांढराच काय, लालही लागणार नाही. दीड व्होल्ट दोघांच्याही उंबरठ्याखाली आहे. बागेत खोचायचे सौर दिवे असतात ना, त्यांतले कित्येक एकाच १.२ व्होल्टच्या सेलवर पांढरा एलईडी चालवतात. बिघडलेल्या दिव्यातली पट्टी आणि तिच्यावरची वेटोळी जशीच्या तशी काढून घेतली की काम होते. वेटोळीचे मूल्य (इंडक्टन्स) वाढवले की प्रवाह कमी होतो, त्यामुळे फार प्रखर वाटल्यास तिथे बदल करता येतो. तुमचा सेल लहान आहे आणि मोटर त्यावरच चालते, तेव्हा एकच एलईडी लावावा.

रूळवेडा

काम पूर्ण केले, त्याचा वृत्तान्त देतो. कवचात काही बसवण्याआधी सर्व जोडणी ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता तारा खोचायच्या फळीवर, केली. ५ व्होल्ट ठरवले, दोन्ही दिशा तपासल्या, चाके धरून पाहिली. पांढरे दिवे किंचितही हलले नाहीत. मग सर्व भाग सर्किटच्या पट्टीवर उतरवून डाग दिले.

एक चमत्कारिक गोष्ट आढळली. स्विच मधोमध असताना दिवे पूर्ण विझत नाहीत, दोन्हीकडचे अगदी क्षीण दिसतात, आणि चासीला बोट लावले की उजेड थोडा वाढतो. ब्रेडबोर्डवर असे होत नव्हते.

तारजोड्या

स्विच मधोमध असताना मोटरीची दोन्ही टोके कुठेच जोडलेली नसतात, म्हणून दोन्ही बेस अधांतरी राहतात. पट्टीवर फ्लक्सचा, म्हणजे डाग देताना सोल्डरबरोबर वितळणाऱ्या द्रव्याचा, चिकट थर राहिला असेल तर त्यातून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह, किंवा बोटातून येणारी घरातल्या विजेची गुणगुणसुद्धा, ट्रान्झिस्टर शेकडोपटीने वाढवून दाखवतो. पट्टी अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासावी आणि दोन्ही ट्रान्झिस्टरांच्या बेस व एमिटर यांच्यामध्ये १०० किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावावा. हे मी पहिल्याच वेळी सांगायला हवे होते.

रूळवेडा

आधी फक्त पट्टी घासली, तेव्हा क्षीण उजेड गेला पण बोट लावल्यावर परत आला. १०० किलोओहमचे रेझिस्टर लावल्यावर बोट लावूनही काही दिसत नाही. दिवे आणि मोटर दोन्ही चालू असताना बॅटरीवर ३.०१ व्होल्ट आहेत. मॉड्यूलच्या आधीचा स्विच इंधनटाकीच्या मागे लपवला आहे.

चालकाच्या खोलीच्या खिडकीतून अजून थोडा लाल उजेड गळतो आहे. तिथे काळा रंग पोहोचला नव्हता. आज दुसरा हात दिला आहे, तो वाळेपर्यंत कवच उघडेच ठेवले आहे.